वारा कुठे थांबतो, पाणी कुठून येतं

साताऱ्यात अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याला सासऱ्यांनी बांधलेलं आमचं घर आहे. पुढे रस्ता आणि मागे ३० फूट लांब, २५ फूट रुंद परडं. चीनमधून परत आल्यावर हे परडं मी फेंगशुईच्या तत्त्वांनी लावलं. हे ऐकून येणारे पाहुणे आधी विंड चाइम शोधतात, मग तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक, मग लाल फितीत ओवलेली नाणी. यातलं काहीच आमच्याकडे नाही. मग आम्ही केलं तरी काय, असं सगळेच विचारतात. म्हणून ते सविस्तर लिहायला घेतलं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं सुझोऊला होतो. शांघायपासून वेगवान रेल्वेने अर्ध्या तासावरचं हे शहर. जुन्या भागात कालवे, त्यावरचे दगडी पूल आणि पांढऱ्या भिंतींची काळ्या कौलांची घरं. पूर्वेला चीन आणि सिंगापूर या दोन देशांनी मिळून १९९४ पासून उभारलेली मोठी औद्योगिक वसाहत. आमचं घर त्या वसाहतीत, तळमजल्यावर. तिथल्या इमारती एकामागे एक रांगेने उभ्या, जवळजवळ सगळ्या दक्षिणेकडे तोंड करून. तळमजल्याच्या घरांना दक्षिणेला चिमूटभर अंगण मिळतं, तसं आम्हालाही मिळालं होतं.

शेजारी एक निवृत्त बाई राहायच्या. आईच्या वयाच्या बाईला तिकडे ‘आयी’ म्हणतात, मीही तेच म्हणायचे. माझं चिनी बाजारहाटापुरतं. अडलं की त्यांची शाळकरी नात मध्ये बसून इंग्रजीत समजावून द्यायची. अंगण ताब्यात आलं तेव्हा मी उत्साहाने फुलबाजारातून कुंड्या आणायला निघाले होते. आयींनी थांबवलं. शरद ऋतू होता, झाडांची पानं गळत होती. त्या म्हणाल्या, काही दिवस अंगण झाडू नकोस. पानं कुठे जमतात ते बघ.

मी झाडणं बंद केलं. वायव्येकडून वारा यायचा, इमारतीला वळसा घालून अंगणात शिरायचा आणि पानांना गोल गोल फिरवत एका कोपऱ्यात नेऊन टाकायचा. दुसऱ्या कोपऱ्यात मात्र एक पान टिकायचं नाही. आयी आल्या, पानांच्या ढिगाऱ्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, इथे बसायचं. जिथे पान टिकत नाही तिथे त्यांनी मला दाट पानांचं झुडूप लावायला सांगितलं. पुढे जूनमध्ये तिकडचा पाऊस लागला. यांगत्सेच्या खालच्या खोऱ्यात आलुबुखाराच्या जातीची फळं पिकण्याच्या दिवसांत ही झड लागते. कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते. पाऊस थांबल्यावर आयी विटांचे तुकडे घेऊन बाहेर यायच्या आणि साचलेल्या पाण्याच्या कडेकडेने ठेवून द्यायच्या. पाणी जिरून गेलं तरी विटा तिथेच. पाणी कुठवर येतं याचा तो नकाशाच होता. झाड, कुंडी, बाक यांची जागा त्या नकाशावरून ठरायची.

माझी फेंगशुईशी ओळख ही अशी झाली. पुस्तकं नंतर वाचली. त्यातही पहिल्यांदा आश्चर्य वाटलं ते हे, की या विद्येचा सर्वांत जुना मानला जाणारा ग्रंथ घराबद्दल नाही, दफनभूमीच्या जागेबद्दल आहे. तो ग्वो पू या इसवी सन २७६ ते ३२४ या काळात होऊन गेलेल्या पंडिताच्या नावावर सांगितला जातो. ‘ची’ म्हणजे सृष्टीतला प्राण. वाऱ्याने तो विखुरतो आणि पाण्यापाशी थांबतो, ही त्यामागची धारणा. पूर्वजाला जिथे वारा झोंबणार नाही आणि पाणी जवळ असेल तिथे ठेवावं, म्हणजे वंशजांचं भलं होतं. पुढे हीच नजर गावाच्या, घराच्या आणि अंगणाच्या जागेकडे वळली.

चांगली जागा कोणती याचं चित्रही ठरलेलं आहे. पाठीशी उंच डोंगर, त्याला काळं कासव म्हणतात. डाव्या हाताला हिरवा ड्रॅगन, उजव्या हाताला पांढरा वाघ, म्हणजे दोन कमी उंचीच्या टेकड्या. समोर लाल पक्षी, म्हणजे मोकळी जागा आणि वळणं घेत जाणारं पाणी. पाठीला टेका आणि दोन्ही बाजूंना हात असलेल्या खुर्चीसारखी ही जागा. चीनमध्ये कासव उत्तरेला आणि पक्षी दक्षिणेला असतो, कारण हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा वारा हाडं गोठवतो आणि ऊन दक्षिणेकडून घरात येतं.

या विद्येच्या दोन शाखा आहेत. एक जमिनीचा आकार, वारा आणि पाणी वाचते. दुसरी लुओपान नावाच्या होकायंत्रावरून, जन्मवेळेवरून आणि तीन रेघांच्या आठ चिन्हांवरून गणित मांडते. मी पहिलीच्या वाटेने गेले. त्यातली प्रत्येक गोष्ट अंगणात उभं राहून डोळ्यांनी पडताळता येते, हे मला महत्त्वाचं वाटलं.

सुझोऊच्या बागांबद्दल लिहायचं तर पानं पुरणार नाहीत. यातल्या काही बागांना १९९७ मध्ये आणि आणखी काहींना २००० मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. मला सगळ्यांत जवळची वाटली ती वांगशी युआन, म्हणजे जाळीवाल्या कोळ्याची बाग. घरासकट सगळी मिळून अर्ध्या हेक्टरच्या आसपास. मध्ये तळं. त्या तळ्याच्या कडेला मी पुष्कळ वेळ काढलेला आहे. तळ्याचा आकार सरळ नाही. कोपऱ्यात पाण्याची एक चिंचोळी पट्टी दगडांमध्ये शिरते आणि नाहीशी होते. त्या पट्टीवर दोन-तीन पावलांत ओलांडता येईल असा कमानीचा इवलासा दगडी पूल आहे. पूल आहे म्हणजे पलीकडे पाणी असणार, असं मन धरून चालतं. खरं तर पलीकडे भिंत आहे. पाणी कुठून तरी येतंय आणि कुठे तरी जातंय हे जाणवत राहावं, एवढ्यासाठी ती सगळी रचना. फेंगशुईत पाण्याचा उगम आणि पाण्याची जाण्याची वाट यांना फार मान आहे, तो इथे दगडात आणि पाण्यात दिसतो.

दुसरी बाग जुओझेंग युआन. ही सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला एका निवृत्त अधिकाऱ्याने वसवली. तिच्या मधल्या भागाच्या पूर्वेकडच्या टोकाला उभं राहिलं की तळ्याच्या पलीकडे झाडांवर एक पॅगोडा दिसतो. तो बागेतला नव्हेच, शहरातल्या उत्तर मंदिराचा आहे. पण झाडांची उंची आणि तळ्याची लांबी अशी राखली आहे की तो बागेचाच वाटावा. याला ‘दृश्य उसनं घेणं’ म्हणतात. सतराव्या शतकात जी चेंग यांनी बागरचनेवर ‘युआन ये’ हा ग्रंथ लिहिला, त्याचं शेवटचं प्रकरण याच विषयाला दिलेलं आहे. आपल्या मालकीचं जे नाही तेही नजरेने आपल्या अंगणात घेता येतं, हे मला तिथे कळलं.

आन्हुई प्रांतातल्या होंगछुन गावीही आम्ही जाऊन आलो. गावाच्या उत्तरेला टेकडी, मधोमध अर्धचंद्राकृती तळं आणि ओढ्याचं पाणी दारादारावरून फिरवत नेणारा अरुंद पाट. काही घरांनी पाटाचं पाणी अंगणातल्या हौदात घेऊन परत पाटात सोडलंय. त्या भागातल्या घरांची छपरं आतल्या चौकाकडे उतरती असतात, म्हणजे चारी बाजूंचं पावसाचं पाणी घरातच पडतं. ते शुभ मानतात. ते बघताना मला वाईच्या वाड्यांचे चौक आठवले. आपल्याकडेही चौसोपी वाड्यात पागोळ्या चौकात पडतात आणि तिथून दगडी मोरीने पाणी बाहेर जातं.

साताऱ्याला परतलो तेव्हा परड्याची रया गेली होती. पश्चिमेच्या भिंतीला लागून पावसाचं पाणी किल्ल्याच्या उतारावरून थेट धावत यायचं आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावर आदळायचं. ती भिंत दर पावसाळ्यात ओल धरायची, गिलाव्याचे पोपडे निघायचे. सासूबाई तिथली मांडणी जून लागला की दुसऱ्या भिंतीला हलवायच्या.

मी आयींचाच धडा गिरवला. अख्खा पावसाळा परड्यात काहीही केलं नाही. पाचोळा झाडला नाही, पाण्याच्या कडेला विटा मांडल्या. सासूबाईंना ते बघवत नव्हतं. “अगं, लोक काय म्हणतील? घरात सून असून परड्यात एवढा केर!” मी त्यांना विटा दाखवल्या, पानांचा ढीग दाखवला. मग हळूहळू त्याच मला सांगायला लागल्या, आज पाणी तिसऱ्या विटेपर्यंत आलं होतं.

चीनमधली दिशांची मांडणी इथे जशीच्या तशी चालणार नव्हती, हे लगेच दिसलं. आमच्या गावाचा डोंगर दक्षिणेला आहे आणि वेण्णा नदी उत्तरेला. म्हणजे पाठीशी डोंगर, समोर पाणी हे चित्र साताऱ्यात अगदी नेमकं आहे, फक्त दिशा उलटी. आमचं घरही उत्तरेकडे तोंड करून, किल्ल्याकडे पाठ करून बसलेलं. ऊन बघावं तर सुझोऊ साधारण ३१ अक्षांशावर. तिथे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेला असतो. सातारा १८ अक्षांशाच्याही थोडं खाली. इथे मे महिन्याच्या मध्याला सूर्य डोक्यावरून पुढे सरकतो आणि जुलै संपेपर्यंत दुपारी किंचित उत्तरेलाच असतो. आमच्याकडे छळतं ते एप्रिल-मे मधलं पश्चिमेचं ऊन. आणि वारा? हाडं गोठवणारा उत्तरेचा वारा इथे नाही. इथला दांडगा वारा पावसाळ्यातला, पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येणारा, केळीची पानं फाडून चिंध्या करणारा.

पाचोळा आमच्या परड्याच्या ईशान्य कोपऱ्यात जमला. आग्नेयेला जुनं न्हाणीघर आहे, त्याच्या आडोशाने घराच्या भिंतीपर्यंतचा तो भाग निवांत राहतो. सासूबाई म्हणाल्या, “ईशान्य ना? मग तिथे पाणी हवं. आणि जड सगळं नैऋत्येला.” वास्तुशास्त्राचा हा नियम त्यांच्या तोंडून पूर्वीही ऐकला होता, पण त्या दिवशी त्याच्याकडे नव्याने बघितलं. नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या मुलखात उंच झाडं आणि भक्कम भिंत नैऋत्येलाच हवी, आणि ईशान्य मोकळी, शांत राहते. चिनी माणसाने कासव उत्तरेला ठेवलं, आपण जड वस्तू नैऋत्येला ठेवल्या. दोघांनीही आपापल्या वाऱ्याकडे पाठ केली. मला यात विरोध दिसत नाही. दिसते ती एकच जागरूक नजर.

पाण्याचं काम सर्वांत मोठं. फेंगशुई सांगते की पाणी बाणासारखं सरळ येऊ नये, वळत यावं, घराला कवेत घेऊन जावं. आम्ही नैऋत्य कोपऱ्यातच पाणी अडवून त्याला नागमोडी चर काढून दिला. तो परड्याच्या मध्यावरून पूर्वेकडे जातो. चराच्या दोन्ही काठांना काळे दगड रचले, तळाला गोटे घातले. मधोमध, घराच्या पायापासून १२ फूट लांब, चार फूट खोल शोषखड्डा घेतला. त्यात खाली मोठे दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर वाळू. आमच्याकडे वर वीतभर माती आणि खाली मुरूम, त्यामुळे पाणी झटकन जिरतं. जास्तीचं पाणी पूर्वेच्या बोळातून पुढच्या गटारात. चराच्या वळणांवर कर्दळ, अळू आणि वाळा लावला. वाळ्याची मुळं खोल जाऊन माती धरून ठेवतात. पाण्याचा वेग कमी झाला की त्यातला गाळ वळणावरच बसतो, आणि तिथलं अळू असं माजतं की वडीचं पान मांडीवर मावत नाही.

स्वयंपाकघराची भिंत दुसऱ्याच पावसाळ्यात कोरडी राहिली. सासूबाईंची मांडणी आता वर्षभर जागेवर असते.

वाटेवरून गवंड्याशी बरीच घासाघीस झाली. मागच्या दारापासून न्हाणीघरापर्यंत सरळ शहाबादी फरशी टाकू, असं त्याचं म्हणणं. “वहिनी, वळणात फरशी कापून वाया जाते. सरळ घ्या, पैसे वाचतील.” मी म्हटलं, फरशी नकोच. घराचं छप्पर बदललं तेव्हाची फुटकी मंगलोरी कौलं भिंतीलगत रचून ठेवलेली होती. सुझोऊच्या बागांतल्या वाटा गोट्यांच्या आणि फुटक्या कौलांच्या असतात. तुकडे आडवे न ठेवता कडेवर उभे रोवतात आणि त्यातून फुलांची, नाण्यांची नक्षी काढतात. मी मोबाइलवरचे फोटो दाखवले. गवंडी बराच वेळ बघत राहिला, मग सुतळी घेऊन त्याने जमिनीवर वळण टाकलं. कौलाचा तुकडा बोटांत फिरवायचा, गुळगुळीत कड वर घ्यायची, शेजारच्या तुकड्याला खेटून मुरमात रोवायचा आणि लाकडी हातोडीने हलकेच ठोकायचा. सिमेंट कुठेच नाही. तिसऱ्या दिवशी त्याने माझ्याकडे न बघता स्वतःच्या मनाने एक कमळ काढलं. फटींमधून पाणी जिरतं, कौलाची कड पायाला धरते, शेवाळ आलं तरी पाय घसरत नाही.

मागच्या दाराचाही एक प्रश्न होता. आमच्या घराचं पुढचं आणि मागचं दार एका रेषेत आहे. फेंगशुईला ते आवडत नाही. पुढून आलेला प्राण मागून निसटतो, म्हणून चीनमध्ये दारासमोर आडवी भिंत घालतात. पण आपल्याकडच्या उकाड्यात समोरासमोरच्या दारांतून येणारी झुळूक मला अडवायची नव्हती. तुळशीवृंदावन परड्याच्या एका कडेला होतं. सासूबाईंच्या संमतीने, पूजा करून, ते मागच्या दारापासून आठ फुटांवर बरोबर समोर आणलं. आता वारा येतो, पण नजर तुळशीवर थांबते आणि पाऊल तिला वळसा घालूनच पुढे जातं. सासूबाई म्हणाल्या, त्यांच्या माहेरी तुळस अशीच होती.

पश्चिमेला करंज आणि कडीपत्ता दाट लावला, उन्हाला आणि वाऱ्याला दोन्हीला आडोसा. नैऋत्येचा आंबा सासऱ्यांच्या हातचा, तो आहेच. शेजारच्या नव्या इमारतीचा काँक्रीटचा कोपरा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर रोखलेला होता. असा टोकदार कोपरा अंगावर येऊ नये असं आयी नेहमी सांगायच्या. तिथे पारिजातक लावला. फोडणी टाकताना नजर आता त्याच्यावर जाते. दक्षिणेच्या भिंतीवर मात्र मी काहीच चढू दिलं नाही. त्या भिंतीच्या वर अजिंक्यतारा दिसतो. पावसाळ्यात त्याच्या कड्यावरून ढग उतरतात, ऑक्टोबरात गवत सोनेरी होतं. आमच्या एवढ्याशा परड्याला एवढा मोठा डोंगर उसना मिळालेला, तो वेलींनी कशाला झाकायचा?

ईशान्येच्या निवांत कोपऱ्यात दगडी कट्टा आहे. पाठीला कुंपणाची भिंत, उजवीकडे घराचं दार, डावीकडे न्हाणीघराच्या पलीकडे किल्ला. माणसाने पाठ सुरक्षित ठेवून, येणारा दिसेल असं बसावं, हेही फेंगशुईतलंच. कट्ट्याशेजारी जनावरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोणी ठेवली. आयींच्या अंगणात मोठ्या चकाकत्या मातीच्या रांजणात सोनेरी मासे असायचे, ते डासांच्या अळ्या खायचे. आमच्या डोणीत गप्पी मासे आहेत. डोणीत पडलेली पानं रोज सकाळी काढावी लागतात. ते काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं आहे. दयाळ आणि बुलबुल पाण्यावर येतात.

या सगळ्यामुळे आमच्या घरात पैसा वाढला का, असं लोक विचारतात. तो हिशोब मी कधी लावला नाही. ऐंशीच्या घरातल्या सासूबाई, ज्या पूर्वी मागच्या दाराशी फक्त भांडी वाळत घालायला यायच्या, त्या आता संध्याकाळी कट्ट्यावर तास-दीड तास बसतात. मला तेवढं पुरतं. आणि बाजारात ‘लकी बांबू’ म्हणून जे रोप मिळतं ते बांबू नाही आणि चीनचंही नाही. ते मध्य आफ्रिकेतल्या कॅमेरूनकडचं ड्रसीना आहे. घरात शोभा म्हणून ठेवायला चांगलं, पण फेंगशुईची सुरुवात तिथून करू नका.

तुमच्या घरामागे थोडी मोकळी जागा असेल, तर एक विनंती आहे. एक पावसाळा तिथे फरशी टाकू नका, कोबा करू नका. पाणी जिथून येतं आणि जिथे थांबतं तिथे विटा मांडा. पाचोळा कुठे जमतो ते बघा. घरात म्हातारं माणूस असेल तर त्यांना विचारा की पूर्वी इथे पाणी कुठून जायचं. त्यांना ते नक्की आठवत असतं. मग गवंड्याला बोलवा.